बंदूक घरात, किल्ली कुठे?



एका साध्या प्रश्नानं सुरुवात करतो. तुमच्या घरातल्या लोखंडी कपाटाची किल्ली कुठे असते? गादीखाली, देव्हाऱ्यामागे, स्वयंपाकघरातल्या एखाद्या डब्यात, की दारामागच्या खिळ्याला? आता दुसरा प्रश्न. ती तिथे असते, हे घरात कोणाकोणाला माहीत आहे? बहुतेक घरांत उत्तर एकच येतं: सगळ्यांना. आणि पोरांना सगळ्यांच्या आधी. दिवाळीचा फराळ कपाटात बंद करून ठेवा, दुसऱ्या दिवशी डब्यातल्या चकल्या निम्म्या झालेल्या असतात. कुलूप मात्र जागच्या जागी असतं.

कपाटात फराळ असेल तर आपण हसतो आणि सोडून देतो. पण त्याच कपाटात, साड्यांच्या घडीखाली, बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर असेल तर? आज मला त्या घरांबद्दल बोलायचं आहे.

अशी घरं किती, असं तुम्हाला वाटेल. तुमच्यातले काही जण ग्वाल्हेरला राहतात. त्या भागात खांद्यावर दुनाळी टाकून बाजाराला जाणारा माणूस दिसला तर कोणी वळून बघत नाही. काही जण कोकणात, गोव्यात किंवा बेळगावच्या रानालगतच्या गावांत आहेत. तिथे रानडुकरं आणि माकडं पिकात शिरतात म्हणून शेतकऱ्यांकडे परवान्याच्या बंदुका असतात. कोडगूमध्ये कोडव समाजाला परंपरेनं परवान्यातून सूट आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्लीतले व्यापारी, सराफ, बांधकाम व्यावसायिक आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे माझे स्वतःचे भाऊबंद, निवृत्त फौजी. आमच्यापैकी अनेकांकडे परवान्याचं हत्यार आहे. काहींना निवृत्तीनंतर सुरक्षारक्षकाची नोकरी त्या हत्याराच्या जोरावरच मिळते. तेव्हा हा विषय फक्त अमेरिकेचा नाही, आपल्या घरातला आहे.

मी पायदळात तीस वर्षांहून अधिक काळ होतो. बंदुकीबद्दल मला तिटकारा नाही आणि तिचं कौतुकही नाही. ते एक अवजार आहे. ते कसं ठेवायचं, हे फौजेनं फार पूर्वी ठरवून टाकलं आहे. ते आधी सांगतो.

पलटण शांततेच्या ठिकाणी असते तेव्हा जवान रायफल घेऊन बराकीत झोपत नाही. रायफल कोतात असते. कोत म्हणजे शस्त्रागार. जाड भिंती, लोखंडी दार, आत रॅकमध्ये ओळीनं लावलेली हत्यारं, त्यांतून ओवलेली साखळी, साखळीला कुलूप, बाहेर पहारा. प्रत्येक हत्याराला नंबर. कोणी, किती वाजता, कशासाठी काढलं आणि कधी परत केलं, हे रजिस्टरमध्ये सहीनिशी. रोज मोजदाद. आणि गोळ्या? त्या कोतात नसतातच. त्यांची जागा वेगळी, कुलूप वेगळं, हिशेब वेगळा. फायरिंग संपल्यावर रेंज सोडण्याआधी ‘जांच शस्त्र’ होते. मॅगझिन काढलेलं, चेंबर उघडं, आणि दुसरा माणूस डोळ्यांनी पाहून खात्री करतो की आत काही नाही. उचललेलं प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं समजायचं, ही पहिल्या दिवसाची शिकवण शेवटच्या दिवसापर्यंत सुटत नाही.

आता विचार करा. हा जवान अठरा वर्षांवरचा आहे. त्याची शारीरिक, मानसिक पारख झालेली आहे. महिनोन्‌महिने प्रशिक्षण झालेलं आहे. चूक झाली तर शिक्षा काय, हे त्याला माहीत आहे. तरीही फौज त्याला म्हणते: तुझ्यावर विश्वास आहे, पण रायफल कुलपातच राहील. कारण माणूस थकतो, चिडतो, खचतो, विसरतो. कुलूप थकत नाही.

याला तुम्ही म्हणाल, सीमेवर तर जवान हत्यार उशाशी घेऊनच झोपतो. बरोबर आहे. तिथे धोका समोर उभा असतो आणि आसपास एकही मूल नसतं. आपलं घर या दोन्ही बाबतींत नेमकं उलट आहे. धोका क्वचित येतो आणि मूल रोज असतं. मग जे कुलूप फौज प्रशिक्षित जवानाला लावते, ते आपण अकरा वर्षांच्या मुलाच्या घरात का लावत नाही?

कुलूप नसलं की काय होतं, त्याची उदाहरणं आपल्याच देशातली आहेत. डिसेंबर २००७. गुडगावातल्या एका शाळेत आठवीतल्या दोन मुलांनी वर्गमित्राला गोळ्या घातल्या. पिस्तूल त्यांतल्या एकाच्या वडिलांचं. जानेवारी २०१८. हरियाणातलं यमुनानगर. बारावीच्या विद्यार्थ्यानं मुख्याध्यापिकेची हत्या केली. रिव्हॉल्व्हर वडिलांचं, परवान्याचं. जुलै २०२४. बिहारमधलं सुपौल. नर्सरीतलं पाच वर्षांचं पोर दप्तरात पिस्तूल घेऊन शाळेत आलं आणि तिसरीतल्या मुलाच्या हाताला गोळी लागली. मुलगा वाचला. पाच वर्षांचं पोर, म्हणजे ज्याला अजून बुटाची नाडी नीट बांधता येत नाही, त्याला चाप ओढता आला.

आणि जून २०२२, लखनौ. सोळा वर्षांच्या मुलानं आपल्या आईला गोळी घातली. पिस्तूल वडिलांचं, परवान्याचं. वडील फौजेत, पोस्टिंग दुसऱ्या राज्यात. त्या वेळी वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर कित्येक दिवस एकाच गोष्टीची चर्चा झाली: मोबाइलवरचा खेळ. आई खेळू देत नव्हती म्हणून राग आला, असं सांगितलं गेलं. खेळांवर बंदी घाला, मुलांच्या हातातून फोन काढा, अशी मागणी झाली. मला मात्र राहून राहून एकच प्रश्न पडत होता. मोबाइलवरून आईशी भांडणारी मुलं या देशात लाखो असतील. ती दार आपटतात, जेवण सोडतात, दोन दिवस बोलत नाहीत. या मुलाच्या हाताला त्या क्षणी पिस्तूल आणि गोळ्या दोन्ही कशा लागल्या? त्यावर कोणी बोलायला तयार नव्हतं. खेळावर बोलणं सोपं होतं, कुलपाचं बोलायचं तर आपल्याकडेच बोट वळतं.

हत्यार बाळगणाऱ्या लोकांशी मी या विषयावर बोलतो तेव्हा तीन उत्तरं मिळतात. तिन्ही प्रामाणिक असतात. एकेक बघू.

पहिलं उत्तर: ‘मुलाला माहीतच नाही कुठे ठेवलंय ते.’

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ग्रामीण भागात एक पाहणी झाली होती, २००६ साली ती प्रसिद्ध झाली. घरात बंदूक असलेल्या पालकांना आणि त्यांच्या मुलांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारले. ‘मुलाला जागा माहीत नाही’ असं ज्या पालकांनी सांगितलं, त्यांतल्या ३९ टक्के पालकांचं म्हणणं त्यांच्याच मुलांनी खोडून काढलं. ‘मुलानं कधी हात लावलेला नाही’ म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांच्या बाबतीत मुलांनी सांगितलं, लावलाय. आपल्याकडे दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं राहतात. तिथे हा आकडा कमी निघेल असं मानायला मला तरी काही कारण दिसत नाही. लपवणं आणि कुलूप लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लपवलेली वस्तू शोधणं हा तर मुलांचा आवडता उद्योग.

दुसरं उत्तर: ‘मी त्याला नीट शिकवलंय. हात लावायचा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.’

अटलांटा शहरातल्या डॉक्टरांनी हेच तपासून पाहिलं. त्यांचा निबंध २००१ साली आला. आठ ते बारा वर्षांची ६४ मुलगे, दोन-दोन तीन-तीनचे २९ गट. एका खोलीत त्यांना खेळायला सोडलं. खोलीतल्या ड्रॉवरमध्ये खरं पिस्तूल ठेवलेलं होतं, निकामी केलेलं, पण चाप पुरेशा जोरानं ओढला तर नोंद होईल अशी सोय केलेली. काचेपलीकडून डॉक्टर बघत होते. २९ पैकी २१ गटांना पिस्तूल सापडलं. त्यांतल्या १६ गटांनी ते हाताळलं. १० गटांत कोणीतरी चाप ओढला. ज्यांना सापडलं त्यांतल्या जवळपास निम्म्या मुलांना ते खेळण्यातलं वाटलं किंवा खात्री नव्हती. आणि आता खरी गोष्ट ऐका. पिस्तूल हाताळणाऱ्या किंवा चाप ओढणाऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं की बंदुकीच्या सुरक्षिततेबद्दल आम्हाला आधी शिकवलेलं आहे.

म्हणजे ही वाईट मुलं नव्हती. न शिकवलेलीही नव्हती. ती मुलं होती, एवढंच. मुलांना शिकवू नका असं मी म्हणत नाही. जरूर शिकवा. पण शिकवणं ही कुलपावरची भर आहे, कुलपाचा पर्याय नाही. विहिरीला कठडा बांधायचा आणि मुलाला पोहायलाही शिकवायचं. पोहता येतं म्हणून कठडा पाडायचा नसतो.

तिसरं उत्तर सगळ्यात वजनदार आहे: ‘रात्री दोन वाजता दरोडेखोर दारात आले, तर मी काय किल्ली शोधत बसू?’

हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. शेतावरच्या वस्तीत, गावापासून दोन-तीन किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाची भीती खरी असते. पोलिस यायला वेळ लागतो. आणि कायद्यानं स्वसंरक्षणाचा अधिकार दिलेला आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेत आहे. अमेरिकेत हा मुद्दा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राजधानी वॉशिंग्टनमध्ये नियम होता की घरातली बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावूनच ठेवायची. २००८ साली हेलर खटल्यात न्यायालयानं ती सक्ती रद्द केली. म्हणणं असं की बंदूक अशी बांधून ठेवली तर स्वसंरक्षणाच्या वेळी ती कामाला येणार नाही. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. शस्त्र बाळगणं हा आपल्या राज्यघटनेतला मूलभूत हक्क नाही. सरकार परवाना देतं, अटींसह देतं आणि काढूनही घेऊ शकतं. २०१६च्या शस्त्र नियमांत तर सुरक्षित वापर आणि साठवणुकीचं हमीपत्र अर्जासोबतच मागितलेलं आहे. म्हणजे परवाना मिळाला त्या दिवशी तुम्ही एक शब्द दिलेला आहे. आणि परवान्याची अट मोडली तर शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण कायदा बाजूला ठेवू. फौजी म्हणून उत्तर देतो. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाला अंधारात समोर कोण आहे हे ओळखायला काही क्षण लागतात, मग तो कितीही तयारीचा असो. प्रशिक्षित संत्रीसुद्धा आधी ‘थम, कौन आता है’ म्हणून विचारतो, लगेच गोळी घालत नाही. उशाशी भरलेलं पिस्तूल असलेला माणूस हे क्षण वाचवायला बघतो, आणि तेच क्षण सगळ्यात मोलाचे असतात. दारात दरोडेखोर आहे, की उशिरा परतलेला मुलगा, की पाणी प्यायला उठलेली सून? कुलूप उघडायला लागणारे क्षण वाया जात नाहीत. तेवढ्यात डोळे उघडतात आणि डोकं जागेवर येतं.

शिवाय आज भिंतीत किंवा पलंगाच्या चौकटीत घट्ट बसवायच्या छोट्या तिजोऱ्या मिळतात. आकडे दाबून किंवा बोटाच्या ठशानं त्या चटकन उघडतात. तेव्हा ‘उशाखाली भरलेलं’ आणि ‘तळघरात सात कुलपांत’ एवढे दोनच मार्ग आहेत, असं नाही. आणि खरं संरक्षण बंदुकीच्या कितीतरी आधी सुरू होतं. मजबूत दार, आतून कडी, अंगणात दिवा, एक जागता कुत्रा, शेजाऱ्याचा फोन नंबर आणि ११२. फौजेत आम्ही तळाच्या रक्षणाची सुरुवात कुंपणापासून करतो, शेवटच्या गोळीपासून नाही.

इथे एक इशारा दिला पाहिजे. तिजोरी घेतली म्हणजे काम झालं असं नाही. मे २०२३ मध्ये सर्बियाची राजधानी बेलग्रेड इथे तेरा वर्षांच्या मुलानं शाळेत गोळीबार केला. नऊ विद्यार्थी आणि एक सुरक्षारक्षक, असे दहा जीव गेले. पिस्तुलं वडिलांची, कायदेशीर. तिथल्या गृहमंत्र्यांनी सांगितलं की ती तिजोरीत होती, तिजोरीला कोड होता, पण मुलाला तो कोड माहीत असावा. वडील त्याला नेमबाजीच्या रेंजवरही घेऊन गेले होते. तेव्हा ज्या कुलपाची किल्ली किंवा आकडा मुलाला माहीत आहे, ते कुलूप नव्हे. लग्नाची तारीख, गाडीचा नंबर, मुलाचाच वाढदिवस, असे आकडे ठेवू नका. मुलं ते पहिल्या पाच प्रयत्नांत शोधतात.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलानं ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये चार विद्यार्थ्यांना मारलं. २०२४ साली तिथल्या न्यायालयानं त्याच्या आईला आणि वडिलांना, दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं आणि दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा दिली. गोळी मुलानं झाडली, पण हत्यार घरात सहज हाती लागेल असं ठेवलं, मुलाची बिघडलेली मनःस्थिती दिसत असून काही केलं नाही, याची जबाबदारी त्यांच्यावर आली. निकाल परदेशातला असला तरी त्यातलं तत्त्व आपल्याला नवं नाही. आपल्याकडेही म्हणतातच, लेकराची चूक मायबापाच्या पदरात.

आता एका अवघड गोष्टीकडे येतो. आपण घरातल्या बंदुकीचा विचार करताना डोळ्यांसमोर नेहमी दुसरा कोणीतरी असतो. चोर, वैरी, शाळेतलं भांडण. पण तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत सगळ्यात मोठी काळजी असते ती त्याच्या स्वतःच्या जिवाची. निकालाचा दिवस, प्रवेश परीक्षेत हुकलेले गुण, प्रेमातला नकार, वर्गातला अपमान. त्या वयात आजचं दुःख कायमचं वाटतं. दोन दिवसांनी ते ओसरतं. पण ते दोन दिवस मिळायला हवेत.

याबाबतीत इस्रायलच्या सैन्याचा अनुभव आम्ही फौजींनी अभ्यासण्यासारखा आहे. तिथे तरुण सैनिक आठवड्याच्या सुट्टीवर घरी जाताना रायफल सोबत नेत. आत्महत्यांचं प्रमाण चिंतेचं होतं. २००६ साली त्यांनी एक बदल केला: सुट्टीवर जाताना रायफल तळावरच ठेवायची. पुढे झालेल्या अभ्यासात दिसलं की आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. त्या मुलांची दुःखं संपली नव्हती. फक्त दुःखाच्या त्या घडीला हाताशी रायफल नव्हती, आणि ती घडी टळली. स्वित्झर्लंडमध्येही नागरिक-सैनिक रायफल घरी ठेवतात, पण त्यांच्याकडे घरी दिलेल्या गोळ्या सरकारनं २००७ नंतर परत घेतल्या.

म्हणून घरात कोणी खचलेलं दिसत असेल, मूल असो वा मोठं माणूस, तर हत्यार घराबाहेर काढा. काही दिवसांसाठी पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची सोय आहे का, ते विचारा. निवडणुकीच्या काळात हत्यारं पोलिस ठाण्यात जमा करायची आपल्याला सवय आहेच. निवडणुकीसाठी करता येतं, तर लेकरासाठी का नाही? आणि त्या माणसाशी बोला. टेली-मानस हा सरकारी मदतक्रमांक आहे, १४४१६, चोवीस तास, विनामूल्य.

आणखी एक हत्यार असतं, ज्याची कोणालाच आठवण नसते. आजोबांची बंदूक. आजोबा गेले, परवाना त्यांच्या नावाचा. बंदूक माडीवरच्या ट्रंकेत, शेजारी काडतुसांचा जुना डबा. मुलं शहरात, सुट्टीत नातवंडं वाड्यावर येतात आणि ट्रंका उघडून बघतात. परवानाधारक वारल्यावर असं हत्यार घरात ठेवणं कायद्यात बसत नाही. जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ते जमा करावं लागतं. वारसाला हवं असेल तर त्यानं स्वतःच्या नावानं परवान्यासाठी अर्ज करावा. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनपेक्षा जास्त हत्यारं ठेवता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. आणि ‘जुनी आहे, चालत नाही’ यावर विसंबू नका. चालत नाही असं आपण म्हणतो, तपासलेलं कोणी नसतं.

आता नेमकं काय करायचं, ते सांगतो.

पहिलं, स्वतःला विचारा: मला हे हत्यार खरंच हवं आहे का? ज्या धोक्यासाठी वीस वर्षांपूर्वी घेतलं, तो धोका आज आहे का? पीक राखायचं असेल, नोकरी त्यावर असेल, तर उत्तर ‘हो’ असू शकतं. पण लग्नाच्या वरातीत मिरवायला किंवा बैठकीत टेबलावर ठेवायला असेल, तर परवाना परत करणं हाच शहाणपणा.

दुसरं, हत्यार अंगावर नसेल तेव्हा ते रिकामं असलं पाहिजे. मॅगझिन काढा, चेंबर उघडून बघा, बोट घालून बघा, मग घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला दाखवा. मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये एक गोळी राहू शकते. बहुतेक लोक नेमके इथेच फसतात.

तिसरं, रिकामं हत्यार कुलपात. कपड्यांचं कपाट चालणार नाही. भिंतीत किंवा जमिनीत बोल्टनं बसवलेली लोखंडी पेटी हवी, जी उचलून नेता येणार नाही. चापाला वेगळं कुलूप मिळतं, तेही लावा.

चौथं, गोळ्या वेगळ्या पेटीत, वेगळ्या कुलपात, जमल्यास वेगळ्या खोलीत. नग मोजून वहीत लिहा आणि महिन्यातून एकदा मोजा. फौजेत आम्ही रोज मोजतो, तुम्ही महिन्यातून एकदा मोजा.

पाचवं, किल्ली तुमच्या अंगावर. जुडग्यात नाही, खिळ्याला नाही. परगावी जाताना हत्यार जमा करून जा. ‘बायकोला माहीत आहे कुठे आहे’ ही व्यवस्था नव्हे. तिच्यावर न विचारता टाकलेलं ते ओझं आहे.

सहावं, मुलाला नेमबाजीची आवड असेल तर ती दाबू नका. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या आपल्याच मुली, आणि २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक आणणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावचा. मुलाला रेंजवर न्या, एअर रायफल हातात द्या, प्रशिक्षकाच्या हाताखाली शिकू द्या. शस्त्राचा परवाना एकविसाव्या वर्षाआधी मिळत नाही, पण खेळाच्या सरावासाठी देखरेखीखालची वाट आहे. तिथे तो सगळ्यात आधी शिस्त शिकेल.

आणि ज्यांच्या घरी हत्यार नाही त्यांच्यासाठी एक. तुमचं मूल ज्या घरी खेळायला, अभ्यासाला, मुक्कामाला जातं, तिथे विचारा. आपल्याला संकोच वाटतो. पाहुणचाराच्या घरी असं कसं विचारायचं? पण आपण विचारतोच ना, ‘काकू, तुमचा कुत्रा चावत नाही ना?’ किंवा ‘वहिनी, हिला शेंगदाणे चालत नाहीत हं.’ त्याच सुरात विचारा: ‘भाऊ, तुमच्याकडे परवान्याचं हत्यार आहे ना, ते कुलपात असतं ना? आमचा जरा हात घालणारा आहे.’ दोष आपल्या मुलाकडे घेतला की समोरच्याला राग येत नाही. आणि तुम्हाला कोणी असं विचारलं, तर अपमान मानू नका. पेटी दाखवा, चहा पाजा.

माझ्या निवृत्त सोबत्यांना शेवटी दोन शब्द. सुभेदारसाहेब, हवालदारसाहेब, आपण आयुष्यभर कोताच्या रजिस्टरवर सही केली. एक काडतूस कमी भरलं तर सगळी कंपनी उभी राहून शोधत असे, आणि ते सापडेपर्यंत कोणी जेवत नसे. पेन्शन सुरू झाली म्हणून ती सवय सुटायचं कारण नाही. घरी पहारा नाही, रजिस्टर नाही, तपासायला कोणी येत नाही. म्हणजे तिथले कोत एनसीओ आता तुम्हीच.

ज्यांच्या घरी हत्यार आहे, त्यांना एकच विनंती. हे ऐकून झाल्यावर, आजच, उठा. हत्यार कुठे आहे, रिकामं आहे का, गोळ्या किती आहेत, किल्ली कोणाकडे आहे, एवढं तपासा. अर्ध्या तासाचं काम आहे. ते मुलं शाळेतून घरी यायच्या आत उरकून टाका.

जय हिंद.